शांततेचं भाडं

समाज दुभंगला म्हणे.

सकाळी पेपर उघडा, रात्री टीव्ही लावा, एकच रडगाणं. ध्रुवीकरण वाढलंय. माणसं दोन टोकांना गेलीत. गावागावात जातींचे बोर्ड लागलेत, शेजारी शेजाऱ्याच्या दुकानात जाईना झालाय. अशानं देशाच्या स्थैर्याचं काय होणार, म्हणून अग्रलेखवाले घामाघूम झालेत. ह्यातले बरेच जण असे, की त्यांच्या बिल्डिंगीत आपल्यातल्या माणसाला आजही खोली भाड्यानं मिळत नाही. त्यांना समाज तुटल्याचं दुःख झालंय.

आमचा एकच सवाल आहे. तो जोडलेला कधी होता? साल सांगा. तालुका सांगा.

गावाला कूस होतं. कुसाच्या आत गाव, बाहेर आम्ही. पाणवठे दोन. मसणवटे दोन. गावावरचा वारा आपल्याकडं यावा, आपल्यावरचा गावाकडं जाऊ नये, म्हणून वस्तीची दिशासुद्धा ठरलेली. इतकी चोख फाळणी, पण तिला कुणी ध्रुवीकरण म्हटलं नाही. तिला गावगाडा म्हटलं, बलुतं म्हटलं, परंपरा म्हटलं. गोऱ्या साहेबांनी लिहून ठेवलं, राज्यं येतात जातात, हिंदुस्थानातलं खेडं मात्र जागचं हलत नाही. आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ह्या कौतुकाची सालं काढली. नुसतं टिकण्याला काय किंमत, कोणत्या पातळीवर टिकलं ते बघा, हा त्यांचा रोख होता.

तेव्हा भावांनो, पहिली गोष्ट पक्की करा. गाव हललं नाही ते गावात माया होती म्हणून नव्हे. खाली दबलेला हलला नाही, म्हणून वर बसलेला पडला नाही. ह्यालाच ते स्थैर्य म्हणतात. ते घर आमचं कधीच नव्हतं, आणि त्याचं भाडं मात्र पिढ्यान् पिढ्या आम्ही भरलं.

मग हे स्थैर्य मोडतं कधी? महाडचं बघा. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले साहेबांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं ह्या ठरावापायी महाडात कुणाचं डोकं फुटलं नाही. ठराव कागदावर होता आणि आपली माणसं तहानेली होती, त्यामुळं शांतता अबाधित होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्याच दिवशी लाठ्या निघाल्या. हे आता देवळात शिरणार अशी आवई उठवली आणि परिषदेला आलेल्या माणसांना झोडपलं. मग शेण-गोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं. ऑगस्टात नगरपालिकेनं स्वतःचाच ठराव मागं घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं.

आता सांगा, महाडात फूट कुणी पाडली? पाणी पिणाऱ्यानं का लाठी उचलणाऱ्यानं? रेघ तळ्याच्या काठावर आधीपासून होती. बाबासाहेबांनी तिच्यावर पाय ठेवला, तेव्हा ती सगळ्यांना दिसली. दिसली म्हणून बोंब झाली. तेव्हापासून आजतागायत हाच खेळ चाललाय. रेघ ओढणारा शांतताप्रिय, आणि रेघ दाखवणारा समाजकंटक.

कुणी म्हणेल, हे धर्माचं झालं, सनातन्यांचं झालं. कामगारांच्या लाल बावट्याखाली तरी काय होतं? मुंबईच्या कापड गिरण्यांत साळखात्यात पगार जास्त, आणि त्याच खात्यात आपल्या माणसाला मज्जाव. का, तर धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाच धोट्याला दहा जणांची तोंडं लागणार. आमच्या तोंडानं धोटा बाटत होता! मालकाच्या नफ्याला विटाळ नव्हता, धोट्याला होता. १९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना खडसावून विचारलं, ही बंदी उठवायची मागणी घेणार का? घेणार नसाल तर माझ्या लोकांनी तुमच्या संपात का यायचं? तेव्हा कुठं नाखुशीनं ती मागणी घेतली गेली. बाबासाहेबांवर शिक्का मारला, कामगारांची एकी फोडतो म्हणून. जी एकी एका धोट्यावर फुटते ती एकी कसली?

आणि दहा वर्षांनी काय झालं? ७ नोव्हेंबर १९३८. मुंबई सरकार औद्योगिक कलहाचं बिल घेऊन आलं, संपाचा हक्क आवळायला. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकाच मैदानात उतरले आणि मुंबईत संप झाला. माणूस तोच. १९२८ साली एका बाजूला, १९३८ साली दुसऱ्या बाजूला. ह्याला काही शहाणे धरसोड म्हणतात. आपण डोकं चालवून वाचलं पाहिजे. बाबासाहेब झेंडा बघून उभे राहत नव्हते, प्रश्न बघून उभे राहत होते. धोट्याच्या प्रश्नावर रेघ कामगाराकामगारांतून जात होती, तिथं त्यांनी ती लपवली नाही. संपाच्या हक्कावर रेघ मालक आणि मजूर यांच्यामधून जात होती, तिथं ते मजुरांच्या बाजूला उभे राहिले. आजच्या ध्रुवीकरणात आपण कुठं उभं राहायचं, ह्याचं उत्तर इथं आहे. कुणाच्या व्यासपीठावर मिळणार नाही.

आता शांततेचा हिशोब मांडू. मोठा हिशोब आहे, नामांतराचा.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव. मुख्यमंत्री शरद पवार. ठरावाची शाई वाळायच्या आत मराठवाडा पेटला. पेटला म्हणायचं, पण पेटल्या त्या आपल्याच वस्त्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेला हालहाल करून मारलं. नाव कशाला द्यायचं होतं? एका विद्यापीठाला. तेसुद्धा ज्यानं औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढून मराठवाड्यातल्या पोरांना उच्च शिक्षणाची वाट करून दिली, त्याचं. आणि सरकारनं काय केलं? जाळणाऱ्यांना आवरण्याऐवजी ठराव आवरला. सामाजिक वातावरण निवळू द्या, म्हणाले. शांतता नांदू द्या. मग बघू.

वातावरण निवळायला साडेपंधरा वर्षं लागली. १९७९ ला नागपूरहून लाँग मार्च निघाला, पोरं तुरुंगात गेली, बायका लेकरं कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. मग १४ जानेवारी १९९४ ला नाव दिलं. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच. आणि नाव तरी सरळ दिलं का? मराठवाडा शब्द ठेवून बाबासाहेबांचं नाव जोडलं, त्याला नामविस्तार म्हटलं. त्याच वर्षी नांदेडला दुसरं विद्यापीठ काढून आधीच्याचे जिल्हे तोडून दिले. समतोल साधला म्हणे. साडेपंधरा वर्षांच्या ह्या शांततेचं भाडं कुणी भरलं? ज्यांच्या झोपड्या जळल्या त्यांनी. ज्यांनी जाळल्या त्यांच्याकडं कुणी बिल घेऊन गेलं नाही.

पण ह्या गोष्टीचा पुढचा भाग कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. नामांतर झालं तर मराठवाडा कायमचा फुटेल, असं भाकीत होतं. काय फुटलं? तीसहून जास्त वर्षं झाली. मराठ्याची पोरं, वंजाऱ्याची पोरं, माळ्याची, धनगराची, मुसलमानाची पोरं बाबासाहेबांचं नाव छापलेली डिग्री घेऊन बाहेर पडतात. ती डिग्री फ्रेम करून भिंतीवर लावतात. ज्या बापांनी नावाला विरोध केला, त्यांच्या नातवंडांच्या बायोडाट्यात ते नाव आहे. विद्यापीठाला कुलूप लागलं नाही. आभाळ कोसळलं नाही.

म्हणजे क्रम लक्षात घ्या. आधी शांतता, मग न्याय, असं ते सांगत आले. साडेपंधरा वर्षं हा क्रम लावून बघितला, तर ना शांतता मिळाली ना न्याय. न्यायाचा अर्धामुर्धा तुकडा दिला आणि निदान त्या प्रश्नापुरती शांतता झाली. आधी न्याय, मग स्थैर्य. हा क्रम कुठल्या पुस्तकातून काढलेला नाही, मराठवाड्याच्या राखेतून काढलाय.

२०१८ चंही तेच. महाडला बरोबर एक्क्याण्णव वर्षं झाली त्याच दिवशी, २० मार्च २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयानं ॲट्रॉसिटी कायद्याची नखं काढली. सरकारी नोकराला वरिष्ठाच्या परवानगीशिवाय अटक नाही, तक्रारीची आधी चौकशी करा. आणि कारण काय, तर कायद्याचा गैरवापर होतो, समाजात बंधुभाव वाढला पाहिजे. बघा, बंधुभाव! शब्द बाबासाहेबांचा, आणि चालवला आमच्यावरच. मार खाणाऱ्यानं तक्रार केली की बंधुभाव बिघडतो, मारणाऱ्यानं मारलं तेव्हा बिघडत नाही. २ एप्रिलला देशभर बंद झाला. उत्तरेत आपली माणसं मेली. ऑगस्टात संसदेनं कायदा दुरुस्त करून नखं परत लावली, आणि पुढच्या वर्षी कोर्टानंही आपले ते निर्देश मागं घेतले. आपण गप्प बसून सलोखा राखला असता तर हा कायदा आज फक्त भिंतीवरच्या तसबिरीसारखा राहिला असता.

इथवर जुनं झालं. आता आजचं ध्रुवीकरण बघू. कारण आजचं ध्रुवीकरण आणि महाडची रेघ ह्या दोन एकच गोष्टी नाहीत. तसं समजलो तर आपण फसलो.

महाडची रेघ खरी होती. वरचा आणि खालचा यांच्यातली. आजच्या बहुतेक रेघा खालच्याखालच्यात ओढलेल्या आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुकीत महाराष्ट्रात घोषणा आली, बटेंगे तो कटेंगे. वाटले गेलात तर कापले जाल. अरे, आम्हाला तुम्ही हजारो वर्षं 'बाटेल' म्हणून बाजूला ठेवलं. आता मतांपुरतं 'बटू नका' म्हणताय? खैरलांजीत २००६ साली भोतमांगेचं घर संपवलं तेव्हा तिथं कुणी मुसलमान नव्हता. कापणारे गावचेच होते. तेव्हा मुसलमानाला पुढं करून आपल्या पोरांच्या हातात दगड देणाऱ्याला इतकंच विचारा, दादा, तुझ्या गावात आमचं प्रेत कुठल्या मसणवट्यात जळतं?

दुसऱ्या बाजूचेही धुतल्या तांदळाचे नाहीत. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हातात लाल संविधान नाचवत फिरले. संविधान धोक्यात आहे म्हणाले. आहेच. आपण मतंही दिली. पण ह्यांची सत्ता होती त्या काळात संविधान गावात किती शिरलं? गायरानाचे पट्टे नावावर झाले का? साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, शिक्षण संस्था, ह्यांच्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं? तीच घराणी आज अर्धी इकडं, अर्धी तिकडं. पुढारी टोक बदलतो एका रात्रीत, आणि त्याच्यापायी डोकं फुटलेला कार्यकर्ता वर्षभर कोर्टाच्या तारखा करतो. वरती ध्रुवीकरण नाहीच. वरती सोयरीक आहे. ध्रुवीकरण फक्त खाली आहे.

मराठा-ओबीसीचं घ्या. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न पुन्हा पेटला. मराठे ओबीसीतून मागायला लागले, ओबीसी अंगावर आले. दोन्हीकडची गरीब पोरं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली. बीड, जालना, परभणी, सगळीकडं तेच. आणि नेमक्या त्याच सप्टेंबरात मंत्रालयात काय चाललं होतं? सरकारी पदं खासगी एजन्सीमार्फत कंत्राटावर भरायचा आदेश निघाला. कंत्राटात आरक्षण कुठलं? ना मराठ्याला, ना माळ्याला, ना मांगाला, ना महाराला. बोंबाबोंब झाली म्हणून ऑक्टोबरात तो आदेश रद्द केला. पण कंत्राटानं माणसं भरायची थांबली का? दवाखान्यात, नगरपालिकेत, शाळेत, वीज खात्यात बघा. बाहेर रस्त्यावर दोघं भाकरीच्या वाटणीवरून डोकी फोडतायत आणि आत स्वयंपाकघरात चूलच विझवली जातेय.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर पाळ्या करतो. धागे जास्त तुटायला लागले की सुपरवायझर कामगारावर ओरडतो, हात चालत नाही म्हणतो. कापूस हलका भरलाय, खात्यात हवा कोरडी पडलीय, मशीनचा वेग वाढवलाय, हे तो बोलत नाही. समाजाचंही असंच चाललंय. माणसं तुटायला लागली की माणसांनाच शिव्या. शेतीत काही उरेना, नोकरी कंत्राटाची, पोरगं तिशीला आलं तरी लग्न नाही, परीक्षेचा पेपर फुटतो, आणि वर टीव्हीवाला विचारतो, तरुणांत इतका द्वेष का? सांधा मारून मारून माणूस थकतो, पण कापूस बदलल्याशिवाय धागा टिकत नाही.

म्हणून गरीब मराठ्याला शत्रू समजू नका. त्याच्या डोक्यात पाटीलकी आहे, ती काढायचीच आहे. ती तो स्वतः काढेपर्यंत त्याच्याशी भांडणंही होणार. पण त्याच्या घरात जे कर्ज आहे ते खरं आहे. १९५९ ला आणि १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा मागणी नुसत्या महारांसाठी नव्हती. ज्याला जमीन नाही त्याला पडीक जमीन, मग तो कुणी का असेना. लाखो माणसं तुरुंगात गेली. ती रेघ दादासाहेबांनी ओढलेली रेघ होती, जमीनवाला आणि बिनजमीनवाला. अशी रेघ ओढली की वरचे घाबरतात आणि लगेच जातीची रेघ घेऊन धावत येतात.

आता आपल्या घरातलं बोलू. बाहेरच्यांना शिव्या देणं सोपं असतं.

१ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं सहा विरुद्ध एक असा निकाल दिला, अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करायचा अधिकार राज्यांना आहे. १ ऑगस्ट म्हणजे अण्णाभाऊंचा जन्मदिवस. निकाल आला आणि आपल्यातच दोन टोकं झाली. मातंग संघटना अ ब क ड मागतात. आपल्यातले काही जण त्यांना एका फटक्यात गद्दार ठरवून मोकळे होतात, हिंदुत्ववाल्यांचे हस्तक म्हणतात. कुणी हस्तक असतीलही. आपल्यातले कमी आहेत काय? पण पोट हस्तकाचं नसतं. मातंग वस्तीत जाऊन बघा. शिक्षणात, नोकरीत तो मागं का राहिला, हा त्याचा प्रश्न कट म्हणून उडवून लावता येणार नाही. उद्या हेच वाक्य ओपनवाला तुम्हाला ऐकवील.

माझं म्हणणं असं. वाटणी करायच्या आधी मोजणी करा. २०२५ च्या एप्रिलात केंद्र सरकारनं पुढच्या जनगणनेत जात मोजायचं जाहीर केलंय. अनुसूचित जातींतल्या प्रत्येक जातीला किती नोकऱ्या, किती जमीन, किती पदव्या, हे सगळं उघड्यावर आलं पाहिजे. त्याच्याबरोबर उच्च जातींच्या ताब्यात काय काय आहे तेही आलं पाहिजे. अनुशेष भरा, कंत्राट बंद करा, ही मागणी महार, मांग, चांभार, ढोर, मेहतर यांनी एका तोंडानं केली पाहिजे. त्यानंतर आकडे बघून मांगाच्या वाट्याला कमी आलंय असं दिसलं, तर त्याला त्याचं मिळालं पाहिजे. ते आपणच म्हटलं पाहिजे, कोर्टानं सांगायची वाट बघू नये. अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपण आपल्या जयंतीच्या कमानीवर अण्णाभाऊंना किती जागा देतो? मांगाच्या पोरीशी लग्नाचा विषय निघाला की आपल्यातल्या बावीस प्रतिज्ञावाल्यांची तोंडं कशी होतात, ते मी पाहिलंय, तुम्हीही पाहिलंय. आतली रेघ पुसायची नाही आणि बाहेर समतेच्या घोषणा, हे चालणार नाही. १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि तेव्हापासून त्याचे किती गट झाले ते मोजायला बोटं पुरत नाहीत. ध्रुवीकरण व्हायला दोन तरी ध्रुव लागतात. आमच्या पुढाऱ्यांनी प्रत्येकानं स्वतःचा एक केलाय.

आणि परभणी विसरू नका. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळची संविधानाची प्रतिकृती फोडली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, जाळपोळ झाली. मग पोलीस आपल्या वस्त्यांत शिरले. सोमनाथ सूर्यवंशी, वडाराचा पोरगा, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनाच्या अहवालात अंगावरच्या अनेक जखमांची नोंद. सरकारनं दहा लाख देऊ केले, त्याच्या आईनं नाकारले. २०२५ च्या जुलैत हायकोर्टानं पोलिसांवर गुन्हा नोंदवा म्हणून सांगितलं. वडार समाजातला पोरगा संविधानासाठी रस्त्यावर आला, ह्या एका गोष्टीत खरी एकी कशी असते ते दिसतं. तिला कुठल्या बैठकीत ठराव करावा लागला नाही.

त्याच २०२५ च्या जुलैत विधिमंडळानं विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे म्हणून सांगितलं. पण शांततेला धोका म्हणजे नक्की काय, हे ठरवणार कोण? चवदार तळ्यावर पाणी पिणं हासुद्धा शांततेला धोकाच होता. महाडच्या दुसऱ्या सत्याग्रहाच्या वेळी, १९२७ च्या डिसेंबरात, कोर्टाचा मनाई हुकूमच आणला होता.

तेव्हा ह्या शांततावाल्यांना आपलं उत्तर काय? आम्हाला दंगल पाहिजे का? नाही. दंगलीचं कौतुक पोट भरलेल्यांना परवडतं. दंगल झाली की पहिली झोपडी आपली जळते, पहिली अटक आपल्या पोराला होते, हातावरचं पोट आपलं उपाशी राहतं. खटला न चालता तुरुंगात सडणाऱ्यांत दलित, आदिवासी, मुसलमान त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं जास्त आहेत. म्हणून मोबाईलवर आलेला व्हिडिओ बघून दगड उचलणारा कार्यकर्ता मला पराक्रमी वाटत नाही. तो दुसऱ्याच्या खेळातला प्यादा आहे. ह्या देशात शांततेची सगळ्यात जास्त गरज आपल्याला आहे. पण ती शांतता आपल्या मानेवर पाय ठेवून उभी नसावी.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत शेवटचा इशारा दिला. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि समाजात, संसारात विषमता, अशा विसंगत जगण्यात आपण पाऊल टाकतोय. ही विसंगती लवकर मोडा, नाहीतर विषमतेत होरपळणारे लोक हा लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. स्थैर्याच्या भवितव्यावर ह्या देशात ह्यापेक्षा सरळ कुणी बोललं नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं झाली. डोलारा आम्ही उडवला नाही. उलट सगळ्यात जास्त आम्हीच तो धरून ठेवलाय. ज्याच्याकडं दुसरं काही नाही, त्याच्याकडं संविधान आहे. आज त्या डोलाऱ्याला धक्के कोण देतंय, ते दिवसाढवळ्या दिसतंय.

म्हणून वस्तीत कुणीही झेंडा घेऊन आला, कुठल्याही रंगाचा, अगदी निळासुद्धा, तर त्याला घोषणा म्हणू देऊ नका. आधी बसवा आणि विचारा. गावात मसणवटा एक करणार का? गायरानाच्या पट्ट्यावर नाव चढवणार का? कंत्राटाचा कामगार कायम करणार का? पोराची स्कॉलरशिप वर्षाच्या आत देणार का? सोमनाथच्या प्रकरणात साक्षीला उभा राहणार का? जो हो म्हणेल त्याच्याबरोबर त्या प्रश्नापुरतं चला, आणि तो वळला की त्याची साथ सोडा. १९२८ आणि १९३८ दोन्ही लक्षात ठेवा.

आणि कुणी सलोख्याच्या सभेत आपल्याला खुर्ची देऊन म्हणाला, झालं गेलं विसरा, वातावरण बिघडवू नका, तर त्याला शांतपणे सांगा: साहेब, मागचं भाडं थकलंय ते आमच्याकडून नाही, तुमच्याकडून थकलंय. ते चुकतं करा. मग एका घरात राहायचं बोलू.

जय भीम.